मेस्त्रींची फटफटी

पंचवटीतल्या आजोळच्या वाड्यात, जिन्याखालच्या खोलीत, एक फटफटी अनेक वर्षे उभी आहे. तिच्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. इंजिनाचा सांगाडा म्हैसूरच्या येझदीचा. पण त्यातला दट्ट्या, खालची फ्रेम, हँडल, फूटरेस्ट, मडगार्ड, सायलेन्सर आणि पेट्रोलची टाकी हे सारे नाशकातच, बहुतांशी त्याच खोलीत घडलेले. घडवणारे माझे मामा. सातपूरच्या एका कंपनीत ते टर्नर होते. मामा गेले, वाडा आता पुनर्विकासाला निघाला आणि गेल्या पावसाळ्यात मामेभावाचा फोन आला : ‘‘दादा, भंगारवाला वजनावर घेतो म्हणतोय. काय करायचं?’’

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. उत्तर देण्याऐवजी मी वाचायला बसलो, हा आमच्या पेशाचा जुना दोष. घरच्या हत्यारांनी, घरी घडवलेल्या सुट्या भागांनी यंत्र उभे करणाऱ्या माणसांचा मराठी मुलखात काही इतिहास आहे काय, असल्यास तो कोणी लिहिला आणि नसल्यास का नाही, एवढाच प्रश्न मनात होता. पुढील मजकूर हे त्या वाचनाचे फलित आहे.

प्रारंभ शब्दांपासून करणे आम्हाला सोयीचे पडते. ‘फटफटी’ हा शब्द ध्वनीवरून आला, हे सांगायला भाषाशास्त्राची गरज नाही. ‘मेस्त्री’ किंवा ‘मिस्त्री’ हा पोर्तुगीजांकडून आला. ‘चावी’ आणि ‘पगार’ यांच्याच गलबतातून म्हणायला हरकत नाही. मूळ शब्दाचा अर्थ ‘उस्ताद’, ‘गुरू’ असा. मराठीत त्याचे गुरुपण झिजले आणि हातातली अवजारे तेवढी उरली. दुसरीकडे ‘टर्नर’ला आपला स्वतःचा शब्द होता : ‘कातारी’. लाकूड फिरते ठेवून त्यावर पटाशी धरणारा, पलंगाचे खूर आणि पोरांची खेळणी कातणारा तो कातारी. लाकडाच्या जागी लोखंड आले तेव्हा हा शब्द कारखान्याच्या फाटकाबाहेरच राहिला. परिभाषाकारांनी लेथसाठी ‘कातयंत्र’ असा शब्द योजला खरा, परंतु सातपुरात तो उच्चारला तर माणसे आदराने गप्प बसतील. मामा स्वतःला टर्नर म्हणवत, गल्ली त्यांना मेस्त्री म्हणे, आणि कातारी हा शब्द त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हता.

मोटारसायकलचा इतिहास एका घरच्या बागेतच सुरू होतो, ही गोष्ट मला या निमित्ताने नव्याने कळली. गॉटलिब डाइमलर याने १८८२ मध्ये जर्मनीतील कानस्टाट येथे घर घेतले आणि बागेतल्या काचघराला लागून कारखाना थाटला. तेथे तो आणि विल्हेल्म माइबाख रात्रंदिवस कोंडून घेऊन काम करीत. हे दोघे खोटी नाणी पाडतात असा माळ्याला संशय आला आणि त्याने पोलिसांना आणले, अशी हकीकत सांगितली जाते. १८८५ मध्ये त्या कारखान्यातून जे बाहेर पडले ते लाकडी सांगाड्याचे, लाकडी चाकांवर लोखंडी धाव चढवलेले, दोन्ही बाजूंस आधाराची छोटी चाके असलेले वाहन होते. इंजिन २६४ घन सेंटिमीटरचे, शक्ती अर्ध्या अश्वशक्तीची. त्या नोव्हेंबरात डाइमलरचा मुलगा ते चालवत सुमारे तीन किलोमीटर दूरच्या गावी गेला. इंजिन बुडाखाली होते आणि ते पेटवणारी नळी तापून लाल होई, त्यामुळे वाटेत खोगिराने पेट घेतला असे म्हणतात. जगातल्या पहिल्या मोटारसायकलचे सर्व भाग घरचे होते, कारण दुकानात मिळतील असे भाग तेव्हा अस्तित्वातच नव्हते. हे मूळ वाहन १९०३ च्या आगीत नष्ट झाले.

त्याच १९०३ साली दोन ठिकाणी दोन यंत्रे सिद्ध होत होती. अमेरिकेत मिलवॉकी गावी डेव्हिडसन कुटुंबाच्या परसातील दहा फूट बाय पंधरा फुटांच्या लाकडी खोपटात हार्ले आणि डेव्हिडसन हे दोन तरुण सायकलीच्या सांगाड्याला इंजिन बसवण्याच्या खटपटीत होते. आणि बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर बाजारात आणीत होते. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी सायकल आहे, हा निव्वळ योगायोग मानावयास मी तयार नाही. लक्ष्मणराव चित्रकला शिकायला मुंबईला गेले. तेथे आपल्याला रंग पुरते ओळखता येत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आले, आणि ते यांत्रिक रेखनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवीत. बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात भाऊ रामूअण्णा यांच्याबरोबर सायकलींच्या दुकानात उभे राहिले. सायकल ही त्या काळी खेड्यापाड्यांत पोहोचू शकणारी सर्वांत नाजूक यंत्ररचना. बॉल बेअरिंग, साखळी, दातेरी चाके, ताणलेल्या आऱ्या या सर्व गोष्टी उघड्यावर आणि हाताला येतील अशा. इंजिन सोडले तर मोटारसायकलचे निम्मे शिक्षण त्यात येते.

मग मिलवॉकीत इंजिन आणि बेळगावात नांगर का? गिऱ्हाईक कोण, हे त्याचे साधे उत्तर आहे. बेळगावच्या भोवती शेतकरी होता; पेट्रोलही नव्हते आणि ते जाळत भटकायला पक्के रस्तेही नव्हते. तरीही नांगर सहज खपला नाही. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती आणि पहिले नांगर विकायला सुमारे दोन वर्षे लागली. पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा आणि कर्ज दिले आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, हा भाग आता शालेय पुस्तकांत जाण्याइतका परिचित आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्यात एक गोष्ट आणखी पाहावी. याच कारखान्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढले. नांगर आणि चरक यांची माहिती देणारे ते घरचे पत्रक. त्यातूनच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, पाठोपाठ ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. मराठी कथेच्या इतिहासातले एक मोठे दालन नांगराच्या कारखान्याच्या आवारात उघडले आहे. शं. वा. किर्लोस्करांचे ‘यांत्रिकाची यात्रा’ हे लक्ष्मणरावांचे चरित्र मराठीत आहे ते यामुळेच. त्या यांत्रिकाला घरचा संपादक लाभला होता.

हे भाग्य सर्वांचे नसते. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’त (१९१५) सुतार आणि लोहार सविस्तर येतात. पण बलुतेदाराला बलुते मिळे ते कशाचे? आहे ते चालू ठेवण्याचे. फाळ शेवटायचा, गाड्याला धाव चढवायची, मोट दुरुस्त करायची. नवे काही घडवले म्हणून खळ्यावर चार पायली जास्त पडल्या, असे त्या व्यवस्थेत घडण्याची सोय नव्हती. आपल्याकडचा घरगुती कारखाना हा अशा दुरुस्तीच्या परंपरेचा वारस आहे आणि त्याच्या गुणदोषांचा उगम मला येथे दिसतो. कोणतेही बंद पडलेले यंत्र चालू करून देण्याची त्याची हातोटी अपूर्व. आपण केले त्याची नोंद ठेवावी, हा विचार मात्र त्याला शिवत नाही. दुरुस्तीची नोंद कोण ठेवतो?

याला कोल्हापूरने एक ठळक अपवाद दिला. बाबूराव पेंटर यांचे खरे आडनाव मेस्त्री. ते आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव पेंटर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. चलच्चित्रांचे वेड लागल्यावर त्यांनी एक जुना प्रोजेक्टर मिळवला आणि तो उघडून पाहून कॅमेरा घडवायचे ठरवले. येथे नाशिककराला दादासाहेब फाळके आठवणे स्वाभाविक आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या आणि १९४४ मध्ये नाशकात निवर्तलेल्या फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा विकत आणला. त्यांचे घर हाही एक कारखानाच होता आणि कोऱ्या फिल्मला कडेची भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई अंधारात बसून करीत. परंतु त्यांचे मुख्य यंत्र विकतचे होते. कोल्हापूरच्या मेस्त्रींनी ते घडवले. आनंदराव १९१६ मध्ये अकाली वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने काम पुरे केले आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालू झाला. १९२० च्या ‘सैरंध्री’चे चित्रण देशी बनावटीच्या कॅमेऱ्यावर झाले ते असे.

कॅमेरा आणि मोटारसायकल यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. मामांना मी हेच विचारले होते आणि त्यांचे उत्तर अजून आठवते : ‘‘दोन्हीत वेळ सांभाळायची असते.’’ कॅमेऱ्यात फिल्म सेकंदाला सोळा वेळा पुढे सरकते आणि सोळा वेळा थांबते. ती थांबलेली असताना झडप उघडली पाहिजे आणि सरकताना मिटलेली राहिली पाहिजे. चार फेऱ्यांच्या इंजिनात दट्ट्या वर दाबत येतो तेव्हा दोन्ही झडपा मिटलेल्या हव्यात, म्हणून झडपा हलवणारा दांडा मुख्य दांड्याच्या नेमक्या निम्म्या वेगाने फिरावा लागतो. एका दातेरी चाकाला दुसऱ्याच्या दुप्पट दाते. एवढे एक गणित चुकले तर एकीकडे चित्र फरपटते आणि दुसरीकडे दट्ट्या झडपेवर आदळतो. दोन्ही ठिकाणी कारागीर घडवतो ती लोखंडात बसवलेली वेळ असते. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा एक स्तंभ उभा आहे. सुट्या भागांतून यंत्र जुळवणाऱ्यांचे स्मारक भरचौकात असावे, असे भाग्य आपल्याकडे फार थोड्यांना लाभले.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात घरगुती कारखान्याला वेगळे वळण लागले. परवान्यांचे राज्य आले. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. मोटारसायकली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या : १९५५ पासून मद्रासेत बनू लागलेली बुलेट, १९६१ पासून म्हैसुरात बनू लागलेली जावा, जी १९७३ नंतर येझदी झाली, आणि राजदूत. निवड नव्हती, त्यामुळे आहे ती गाडी मरू द्यायची नाही, हा घराघरांतला नियम झाला. बुलेटचे मूळ ओतीव लोखंडी इंजिन तर पन्नासएक वर्षे फारसे बदललेच नाही. आजोबांच्या गाडीचा भाग नातवाच्या गाडीला बसे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा मागासलेपणा, पण मेस्त्रीच्या दृष्टीने तो अभ्यासक्रम होता. एकच ग्रंथ तीन पिढ्या वाचत राहिल्यावर जी पारंगतता येते ती त्या काळच्या गॅरेजांत होती.

नाशिकची गोष्ट याला जोडून येते. साठच्या दशकात सातपूरची औद्योगिक वसाहत झाली, ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. द्राक्षे, तीर्थयात्रा आणि नोटा-टपालतिकिटांचा छापखाना एवढ्यावर ओळखल्या जाणाऱ्या गावात एका पिढीत हजारो मुले आयटीआयमधून टर्नर, फिटर, वेल्डर होऊन बाहेर पडली. हजारांश इंचाचे माप, ज्याला कारखान्यात ‘थाउ’ म्हणतात, त्यांच्या बोटांत बसले. आणि हे सारे घरी परतत ते जुन्या गावातल्या वाड्यांत, जेथे शेजारी तांबट लेनमध्ये सकाळपासून तांब्याच्या हंड्यांवर ठोके पडत असत. तांबट पत्र्यावर ठोका देतो तो नक्षीसाठीच नव्हे. मठारण्याने पत्रा कणखर होतो. फार कणखर झाला की तडकतो, म्हणून मधूनमधून तो लाल तापवून पुन्हा नरमवावा लागतो. मामांच्या फटफटीची टाकी अशाच एका तांबटाने ठोकून दिली होती. लोखंडी पत्र्याला त्याने आधी नकार दिला आणि मग वाळूच्या पोत्यावर पत्रा ठेवून दोन रविवारांत ती उभी केली. तिच्यावर हात फिरवला तर रंगाखालची ठोक्यांची ओळ आजही लागते. घागरीवरची आणि टाकीवरची ओळ एकाच हाताची आहे हे कळायला जाणकार लागत नाही.

१९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला आणि येझदीचे सुटे भाग दुर्मीळ होत गेले. मामांची फटफटी त्याच सुमारास आकार घेत होती. मी तेव्हा शाळेत होतो. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुटीत भात्याऐवजी बसवलेल्या जुन्या ब्लोअरची मूठ फिरवणे हे माझे काम. या इंजिनात झडपाच नाहीत, कारण ते दोन फेऱ्यांचे. दट्ट्याच वरखाली जाताना बाजूची भोके उघडतो आणि मिटतो. म्हणूनच ते घरी हाताळायला सोपे, आणि म्हणूनच सगळा भार दट्ट्यावर. गिअरची दांडी आणि किक एकच, ही जावाची खास खूण मामांनी तशीच ठेवली. बाकी फ्रेम त्यांनी स्वतः वाकवली; पाइपात वाळू ठासून भरायची, तोंडे बंद करायची, तापवायचे आणि ओट्याच्या कोपऱ्यावर वाकवायचे, म्हणजे पाइप चेपत नाही. आजीच्या ओट्यावर त्या वळणाचा व्रण अजून आहे.

दट्ट्याचे प्रकरण मात्र वर्षभर चालले, आणि त्यासाठीच हा लेख लिहितो आहे म्हटले तरी चालेल. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. कोळशाची भट्टी आणि ब्लोअर असला की ते घरी साधते. (ओतीव लोखंडाला बाराशेच्या आसपास लागतात, तो घरचा खेळ नव्हे.) भंगारातले जुने दट्टे वितळवायचे, लाकडाचा फर्मा वाळूत दाबून साचा करायचा आणि ओतायचे. पहिला दट्ट्या कातल्यावर लहान भरला. धातू थिजताना आकसतो, शंभरास सव्वा-दीड या प्रमाणात, आणि फर्मा जुन्या दट्ट्याच्या मापाचाच केला होता. दुसरा मापात आला पण डोक्यात हवेचे बुडबुडे निघाले. तिसरा दिसायला निर्दोष. इंजिन सुरू झाले, वाड्यातल्या बायका सज्जात आल्या, आणि पाच मिनिटांत ते आवळून बंद पडले. सिलिंडर ओतीव लोखंडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम त्याच्या दुपटीने फुगते. शिवाय दट्ट्या गोल असून चालत नाही, हे तेव्हा मामांना कळले. तो किंचित लंबगोल हवा आणि डोक्याशी किंचित निमुळता हवा, म्हणजे तापल्यावर तो गोल होतो. थंड असताना वाकडा असलेलाच गरम झाल्यावर सरळ होतो. आता लेथला तर एकच आकार ठाऊक : वर्तुळ. मामांनी पुढचा दट्ट्या लेथवर गोल कातला आणि मग कानस घेऊन, काजळी लावून, घासून, बसवून, काढून, पुन्हा घासून लंबगोल केला. तीन आठवडे रोज रात्री. कंपनीत हजारांश इंच मोजणारा माणूस घरी डोळा आणि अंगठा यांवर विसंबला होता.

फसलेल्या दट्ट्यांचे काय झाले? ते पुन्हा मुशीत गेले. ॲल्युमिनियम फुकट येत नव्हते. दुसरा दट्ट्या पहिल्याचा, तिसरा दुसऱ्याचा. आज इंजिनात जो आहे त्यात आधीचे सारे वितळलेले आहेत.

न्यूझीलंडमधील इन्व्हरकार्गिल या गावी बर्ट मन्रो नावाचा माणूस होऊन गेला (१८९९–१९७८). त्याने १९२० मध्ये ‘इंडियन’ या अमेरिकी कंपनीची मोटारसायकल घेतली; कारखान्यातून निघाली तेव्हा तिचा वेग ताशी पंचावन्न मैल होता. हा गृहस्थ पुढली कित्येक दशके तिचे भाग घरी घडवीत राहिला. दट्टे जुन्या डब्यांत ओतले, सिलिंडर गॅसच्या जुन्या नळातून कातले, जोडदांडे ट्रॅक्टरच्या आसातून हाताने घासून काढले. १९६७ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्याने अमेरिकेतील बॉनव्हिल येथल्या मिठाच्या मैदानात हजार घन सेंटिमीटरच्या आतील गटाचा विक्रम केला. २००५ मध्ये त्याच्यावर चित्रपट निघाला आणि त्याचे नाव जगभर झाले. मला मात्र मोह पडला तो त्याच्या एका फळीचा. मन्रोने आपले फुटलेले, वितळलेले, वाकलेले सर्व भाग एका फळीवर मांडून ठेवले होते आणि त्यावर ‘वेगदेवतेला अर्पण’ अशा अर्थाचे शब्द लिहिले होते. अपयशांचे ते देवघरच. त्याच्याकडेही पैसा नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण फुटका दट्ट्या फळीवर ठेवण्याइतकी सवड त्याच्या गरिबीत होती. नोंदीही राहिल्या. त्याच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी, २०१४ मध्ये, मुलाने जुन्या आकड्यांतली सरासरीची चूक दाखवून दिली आणि विक्रम १८३.५८६ वरून १८४.०८७ मैल असा दुरुस्त झाला. अर्ध्या मैलाचा फरक. पण कागद होते म्हणून तो दुरुस्त करता आला.

आपल्या वाङ्मयात या माणसाला जागा का मिळाली नाही, हा प्रश्न मला त्यामुळे अधिक बोचतो. यंत्र मराठी कवितेत आले ते मर्ढेकरांबरोबर, माणसाला चिरडणाऱ्या युगाची प्रतिमा म्हणून. नारायण सुर्व्यांबरोबर कामगार आला, तो दुसऱ्याच्या मालकीच्या यंत्रापुढे उभा. दोन्हींची थोरवी वादातीत आहे. परंतु यंत्र उघडून पाहणारा, त्याच्याशी रात्र रात्र हुज्जत घालणारा, त्याच्यापासून सुख मिळवणारा माणूस या दोन्हींच्या मधून निसटला. गावगाड्याचा लोहार ग्रामीण कथेत आला तोही बहुधा विझत्या भट्टीपाशी बसलेला. वर्गात यंत्रयुगावर बोलताना मीही वर्षानुवर्षे हीच दोन टोके सांगत आलो, आणि तेव्हा आजोळच्या जिन्याखाली काय आहे याचे मला स्मरण झाले नाही, हे कबूल करायला हवे.

कायद्याने तर हे दार जवळजवळ मिटलेलेच आहे. वाहनाचा नवा नमुना रस्त्यावर आणायचा तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थांच्या कसोट्यांतून तो जावा लागतो. हे कारखानदारासाठी आहे, जिन्याखालच्या खोलीसाठी नाही. आहे त्या गाडीत बदल करावेत तर १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ आडवे येते, आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. यात अन्याय आहे असे मी म्हणणार नाही. घरी जोडलेला ब्रेक तुटला तर मरणारा दुसराच कोणी असतो. पण ब्रिटनमध्ये स्वतः बांधलेली एकेक गाडी तपासून तिला परवानगी देण्याची वेगळी सोय आहे, आणि तशी सोय येथे सुचवण्याचीही कोणाला गरज वाटली नाही, याची खंत वाटते. २०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून बनवलेली छोटी चारचाकी देशभर गाजली. ती मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होई. आनंद महिंद्रा यांनी ती नियमांत बसत नसल्याचे सांगतच तिचे कौतुक केले आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात नवी बोलेरो दिली. किर्लोस्करवाडी तेथून फार लांब नाही. १९१० मध्ये त्याच मुलखात माळ आणि कर्ज मिळाले होते. या वेळी बक्षीस मिळाले. कारागिराला गाडीची गरज होती आणि ती चांगली मिळाली, त्यामुळे बाहेरच्याने नाक मुरडू नये. तरीही दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

गेल्या महिन्यात मी पंचवटीत गेलो. सोबत मामांचे जुने सहकारी होते, सातपुरातले निवृत्त पॅटर्नमेकर. त्यांनी फटफटीभोवती एक फेरी मारली, टाकीवर टिचकी मारली आणि विचारले, ‘‘दट्ट्याचा फर्मा कुठंय?’’ फर्मा कोणालाच ठाऊक नव्हता. मामांची खिशातली डायरी सापडली; तिच्यात सूत आणि थाउ यांतली मापे, इंग्रजी आकडे, मराठी शेरे. ‘डोक्याशी बारीक’ एवढे एका पानावर तीनदा लिहिलेले. फर्मा निघाला तो निघताना. माजघराच्या दाराला अडसर म्हणून एक लाकडी ठोकळा लावलेला होता, मी लहानपणापासून त्याला ठेचकाळत आलो होतो. म्हाताऱ्या मेस्त्रींनी तो उचलला, उजेडात धरला आणि नखाने त्याची कड उकलली. सागाच्या लाकडावर कागदाचे थर होते, लाखेने चिकटवलेले. पहिला थर सर्वांगावर : दट्ट्या लहान भरला होता त्यानंतरचा. दुसरा फक्त डोक्यावर, थोडा जाड : बुडबुडे निघाले होते त्यानंतरचा. दोन्ही बाजूंना, पिन बसते तेथे, लाकूड कानशीने उतरवलेले. ‘‘हे आवळल्यानंतर केलं,’’ ते म्हणाले. लाकूड मुशीत जात नाही, म्हणून ते राहिले होते. कागद जुन्या वहीचा होता. एका थरावर माझ्याच अक्षरातली शुद्धलेखनाची ओळ उलटी दिसत होती.

फर्मा आणि डायरी मी घेऊन आलो. बिल्डरने वाडा रिकामा करायला दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. मामेभावाला मी भंगारवाल्याला थांबवायला सांगितले. तो म्हणाला, ‘‘थांबवतो. पण दाराला आता काय लावू?’’